भिडूच्या तोंडाकडे न बघणारा माणूस

अन्सेल्मो पिगीन हा आमच्या क्लबातला सगळ्यात नावडता माणूस. हे मी त्याच्या तोंडावर तीन वेळा सांगितलंय, त्यामुळे इथे लिहायला मला कसली भीती नाही. क्लब म्हणजे रोसारिओ शहराच्या दक्षिण टोकाचा, सलादिल्योतला ‘उनिओन इ फ्युएर्सा’. एक मोठी खोली, तिच्यात माझं काउंटर, आणि मागे एक छोटी खोली, जिच्यात क्लबातला एकुलता एक हीटर आहे. त्या हीटरवरून आमच्याकडे जेवढी भांडणं झाली तेवढी फुटबॉलवरूनही झाली नसतील. एकवीस वर्षं मी या काउंटरमागे उभी आहे. मिलानेसाचं, म्हणजे तळलेल्या मांसाच्या कापाचं, सँडविच आणि वर्मुथची दारू विकते आणि उरलेला वेळ माणसांचे तमाशे बघते.

अन्सेल्मोने एकतीस वर्षं बस चालवली. एकदा त्याने भर पुलावर बस थांबवली होती, कारण एक तरणाबांड माणूस म्हातारीला जागा देत नव्हता. तो उठेपर्यंत बस हलवली नाही. मग म्हातारी बसायला वेळ लावते म्हणून तिच्यावरही खेकसला. असा हा माणूस. बायको बारा वर्षांपूर्वी गेली, मुलगी दूर नेउकेनला. शर्टाला स्वतः इस्त्री करतो, सँडविचमधलं सॅलडचं पान काढून माझ्या काउंटरवर ठेवतो, आणि ‘गुड आफ्टरनून’ म्हटलं की घड्याळाकडे बघतो.

त्याला सहन करणारा जगात एकच होता, ओविदिओ ब्रेसान. फ्रिज दुरुस्त करायचा, तोंडाची टकळी अखंड चालू. सव्वीस वर्षं हे दोघे त्रुको या पत्त्यांच्या खेळात भिडू होते. आमच्या त्रुकोत भिडूला चेहऱ्याने खुणा करायच्या असतात आणि ते नियमात बसतं. आमच्या पत्त्यांचे रंग म्हणजे तलवार, सोटा, पेला, मोहर. भुवया उडवल्या की तलवारीचा एक्का, सगळ्यात भारी पान. डोळा मारला की सोट्याचा एक्का. तोंड उजवीकडे वाकडं केलं की तलवारीची सत्ती. डोळे मिटले की हातात काही नाही. समोरच्या जोडीने बघायच्या आत खूण करायची आणि भिडूने ती टिपायची. ओविदिओ बोलता बोलता, हसता हसता खूण करायचा, आणि अन्सेल्मो दगडासारखा बसून ती उचलायचा. सव्वीस वर्षांत त्यांची एक खूण चुकली नाही.

चुकली ती एप्रिलमध्ये, पलीकडच्या क्लबाशी अंतिम सामना होता तेव्हा. शेवटचा डाव, शेवटचा हात, समोरच्यांची तिर्री पडलेली, आणि टाकायचा राहिलेला फक्त ओविदिओ. अन्सेल्मोने डाव चढवला, त्यांनी चढवला, अन्सेल्मोने पार टोकापर्यंत चढवला. का चढवला ते सगळ्या खोलीला माहीत होतं, कारण ओविदिओने सत्तीची खूण केली होती. मी काउंटरवरून बघितली. आणि त्याने टाकली काय, तर पेल्याची चौकी. त्रुकोत तिर्रीही चौकीला मारते; त्याहून हलकं पान गड्डीत नाही.

अन्सेल्मो उठला, टेबलावरचे पत्ते त्याने ओविदिओच्या अंगावर फेकले आणि ओरडला, “माझ्याशी खोटं बोललास? सव्वीस वर्षांनी, माझ्याशी?” आणि दार आपटून निघून गेला. ओविदिओ खुर्चीत बसून राहिला. आम्हाला वाटलं, शरमला. अर्ध्या तासाने उठवायला गेलो तर उठता येईना. अर्धांगवायू. तिसऱ्या दिवशी गेला.

कोपऱ्यावरच्या दालनात मयत ठेवलं होतं, त्या बैठकीला सगळा क्लब आला. अन्सेल्मो आला नाही. हरलेल्या एका डावावरून हा माणूस सव्वीस वर्षांच्या भिडूला शेवटचं बघायलाही आला नाही, असं सगळे म्हणाले. मी सगळ्यांत मोठ्याने म्हणाले. ओविदिओचा मुलगा लेआंद्रो लहानपणापासून त्याला काका म्हणायचा, त्याच्या मांडीवर बसून पत्ते शिकला. त्या दिवसापासून तो त्याला ‘सेन्योर पिगीन’ म्हणू लागला. अन्सेल्मोच्या ओरडण्यानेच बापाला झटका आला असं त्याचं म्हणणं होतं, पण त्याहून जास्त एकच गोष्ट त्याला खात होती. तो का आला नाही? हे त्याला अन्सेल्मोच्या तोंडून ऐकायचं होतं. त्याने दोनदा रस्त्यात अडवून विचारलं. अन्सेल्मो बाजूने निघून गेला.

अन्सेल्मो नंतरही रोज खेळायला यायचा. कोको माल्दोनादोला त्याने भिडू केलं. पण आता खेळताना तो टेबलाकडेच बघायचा. कोको बिचारा भुवया उडवतोय, ओठ चावतोय, आणि हा नजर वर करायला तयार नाही. मी म्हटलं, बघा माज, याला आता भिडूही लागत नाही.

मागच्या खोलीत शनिवारी चार ते सात एक वेगळीच मंडळी बसायची. झेरॉक्सचं दुकान चालवणारी लुद्मिला, शाळेत भूगोल शिकवणारा इरियार्ते, आणि लेआंद्रो. टेबलाभोवती बसून गोष्ट खेळायची, हा त्यांचा खेळ. एकजण सूत्रधार, तो जग सांगणार. बाकीचे एकेक माणूस घेणार आणि त्या जगात हिंडणार. तीन तासांत एक कोका-कोला तिघांत, आणि शेंगदाण्यांची टरफलं जमिनीवर. मला हे लोकही आवडत नव्हते, हे सांगून टाकते. आमच्याकडे ऑगस्टात ऐन हिवाळा. थंडी पडली तशी त्रुकोवाल्यांना हीटर हवा झाला. अन्सेल्मो दर शनिवारी त्या दारावर थाप मारून म्हणायचा, “घोडे झाले तरी परीकथा खेळतात! चला, निघा इथनं.”

एका शनिवारी लेआंद्रो बाहेर आला. “पत्त्यांवर ठरवू या, सेन्योर पिगीन. मी आणि लुद्मिला, तुम्ही आणि कोको. तुम्ही जिंकलात तर खोली तुमची, आम्ही परत येणार नाही.”

“आणि हरलो तर?”

“एक शनिवार आमचा खेळ तुम्ही चालवायचा. चार ते सात. मधे उठायचं नाही.”

अन्सेल्मो हसला. त्याला हसताना मी क्वचितच पाहिलंय, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलंय. पण डाव बसला आणि तो टेबलाकडेच बघत राहिला. कोकोने तलवारीच्या एक्क्याची खूण दोनदा केली. लेआंद्रोने ती पाहिली, लुद्मिलाने पाहिली, मी पाहिली. ज्याने बघायची त्याने मान वर केली नाही, आणि त्याच डावात हात सोडून दिला. तीसला एकोणीस, हरले. कोको पत्ते टाकून म्हणाला, “अरे, मी इथं माकडचेष्टा करतोय त्या कोणासाठी? माझ्या तोंडाला काय महारोग झालाय?” अन्सेल्मोने कोट घातला आणि निघून गेला.

पुढच्या शनिवारी तो चारला पाच मिनिटं असताना आला. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले. दोन्ही बाजूंनी मला साक्षीला बसवलं. सातच्या आत तो उठला तर मी सांगायचं, आणि सात झाल्यावरही त्यांनी सोडलं नाही तर तेही मीच सांगायचं. म्हणून मी माझं काउंटर कोकोच्या हवाली करून हीटरजवळ खुर्ची घेतली. येर्बाचा, म्हणजे नळीने ओढायच्या आमच्या कडू पाल्याच्या चहाचा, तुंबा लेआंद्रोच्या हातात होता. गरम पाणी ओतून तो तुंबा फिरवत होता, लुद्मिलाला, इरियार्तेला, मला, आणि अन्सेल्मोला वगळून पुन्हा स्वतःला. आमच्याकडे एका टेबलावर बसलेल्या माणसाला तुंब्याच्या फेरीतून वगळणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखंच. अन्सेल्मोने ते पाहिलं.

लुद्मिलाने नियम सांगितले. “आमची माणसं काय करतात ते आम्ही सांगणार. त्यानं काय होतं ते तुम्ही सांगायचं. आमची तीन सोडून जगातली सगळी माणसं तुमची. त्यांच्या तोंडून तुम्हीच बोलायचं.”

“फासे कुठायत?”

“एक आहे. क्वचित लागतो.”

“जिंकतं कोण?”

“कोणी नाही.”

“मग हरतं कोण?”

“तुम्हाला दुसरं काही सुचतच नाही का हो, अन्सेल्मो?” ती म्हणाली. “हे बघा, दोनच गोष्टी पाळायच्या. आम्ही विचारलं की उत्तर द्यायचं. माहीत नाही, सांगत नाही, असलं चालत नाही. आणि तुम्ही एकदा म्हणालात की ते झालं. या टेबलावर ते खरं.”

“आणि थाप मारली तर?”

“मारताच येत नाही. म्हटलं की खरंच होतं.”

अन्सेल्मोने नाक फेंदारलं. “थाप नाही, जिंकणं नाही. हा कसला खेळ? ही तर पाद्र्यासमोरची कबुली झाली.” मग त्याने तळहात टेबलावर ठेवले आणि पत्ते पिसल्यासारखा घडाघडा बोलला. “एक बस आहे. तुम्ही तिघं तीत बसलायत. पाऊस पडतोय. पुलावर चालकाला झोप लागली. बस कठडा तोडून पाण्यात. सगळे मेले. एल्विरा, किती वाजले?”

“चार वाजून सहा मिनिटं,” मी म्हणाले.

“झालं तर मग. खेळायला माणसंच उरली नाहीत. खोली आमची.”

मला हसू फुटलं, खोटं कशाला सांगू. त्रुकोत शिकलेला माणूस दुसरं काय करणार? समोर तीन जण बसलेले दिसले की त्यांना हरवायचं, एवढंच त्याला ठाऊक. पण लुद्मिला जागची हलली नाही.

“मेलो तर मेलो,” ती म्हणाली. “तळाशी काय दिसतंय?”

“काय म्हणजे? तू मेलीयेस!”

“मेलेली आहे, आंधळी नाही. विचारलंय, उत्तर द्या.”

इरियार्तेने चष्मा पुसला. “आधी मला सांगा, कुठला पूल? सलादिल्योच्या ओढ्यात बस बुडेल एवढं पाणी मी तरी पाहिलेलं नाही.”

“पूर आला होता!”

“कधी?”

“हे मास्तर लोक!” अन्सेल्मो भडकला. “मार्चमधे! पुलाच्या अलीकडचा थांबा पाण्याखाली होता, म्हणून बस वखारीच्या बाजूनं वळवलेली. तुला काय माहीत तिथनं बस काढायला काय लागतं? चिखल, समोर उभा राहिलेला बैलासारखा ट्रक, आणि मागं एक बाई ओरडतेय की माझा थांबा गेला. दोन पाळ्या लागोपाठ झालेल्या. बदली चालक आलाच नव्हता. चालक काय हौसेनं झोपला?”

“चालकाचं नाव?” लुद्मिलाने विचारलं.

आणि त्याने नाव सांगितलं. मग चालकाच्या सीटखाली ठेवलेली डब्याची पिशवी सांगितली. आरशाला टांगलेला बाळाचा बूट सांगितला. पाण्याच्या तळाशी बसचे दिवे अजून लागलेले आहेत हे सांगितलं, आणि मागच्या सीटवर एक म्हातारी तिकीट हातात धरून बसलीये, अजून उतरायला तयार नाही, कारण तिने शेवटच्या थांब्याचे पैसे भरलेत. त्या म्हातारीच्या आवाजात तो बोललाही. “मी चालत जाणार नाही! नेऊन सोड मला!” असं तो किनऱ्या आवाजात खेकसला तेव्हा इरियार्तेच्या नाकात येर्बा गेली. एकतीस वर्षं या माणसाने आरशातून आम्हा सगळ्यांना बघितलं होतं आणि आमच्यातलं काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. मी जायचं म्हणून दोनदा उठले आणि दोनदा बसले. हे कबूल करताना मला आजही राग येतो.

लेआंद्रोने मात्र अजून आपला माणूस खेळात आणला नव्हता. तुंबा फिरवत होता आणि अन्सेल्मोला वगळत होता. साडेपाच झाले तेव्हा त्याने किटली खाली ठेवली.

“माझा माणूस राहिला,” तो म्हणाला. “फ्रिज दुरुस्त करणारा. वय त्रेसष्ट.”

लुद्मिलाने हातातला शेंगदाणा खाली ठेवला.

“तुम्ही त्याला मारलंत, सेन्योर पिगीन. चार वाजून सहा मिनिटांनी. तर मग आता त्याचं मयत ठेवलंय. कोपऱ्यावरच्या त्या दालनात. तो तिथं जाऊन बघतोय. कोण कोण आलंय? सांगा.”

“लेआंद्रो, नको रे,” लुद्मिला म्हणाली.

“का नको? नियम तूच सांगितलास ना? विचारलं की उत्तर द्यायचं. सांगा, सूत्रधार! कोण कोण आलंय?”

अन्सेल्मोने पुन्हा तळहात टेबलावर ठेवले. पत्त्यात असं झालं असतं तर तो पान टाकून मोकळा झाला असता. इथे टाकायला काही नव्हतं. मग तो टेबलाकडे बघत बोलू लागला.

“त्याची बायको बसलीये. डोक्याशी. तिच्या खांद्यावर कोणाची तरी तपकिरी शाल आहे, तिची नाही. तिची बहीण. शेजारचे दोघं. एल्विरा कॉफी वाटतेय आणि रडतेय.” मी खुर्चीत ताठ झाले. “क्लबाचा हार आलाय, त्याची रिबीन उलटी लागलीये. कोको ती सरळ करतोय. सरळ होत नाहीये, तर तो दातानं गाठ सोडतोय.”

लेआंद्रो पुढे झुकला. “हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मी म्हटलं की खरं. असंच ना?”

“त्याचा भिडू आलाय का?”

अन्सेल्मोने टेबलावरचा फासा बोटाने बाजूला सारला.

“विचारलंय मी! सव्वीस वर्षांचा भिडू. आलाय का?”

“आलाय.”

लेआंद्रोने हाताने टेबल असं हाणलं की फासा उडून हीटरखाली गेला. “खोटं! साफ खोटं! तोंड वर करून खोटं बोलायला लाज नाही वाटत?”

“तोंड वर कुठं केलंय मी,” अन्सेल्मो म्हणाला. “समोरच्या फुटपाथवर आहे तो. टायरवाल्याच्या शटरला टेकून. सकाळी सातपासून. आत दिवे होते, काचेतनं सगळं दिसत होतं. मयताची गाडी निघेपर्यंत उभा होता.”

“आत का नाही आला?”

अन्सेल्मोने शर्टाची बाही ओढून सरळ केली.

“आत का नाही आला? डाव हरला म्हणून?”

“डाव गेला चुलीत!” अन्सेल्मो एवढ्या मोठ्याने ओरडला की बाहेर कोको दाराशी आला. मग आवाज खाली आला, आणि मधेच कधीतरी तो त्या भिडूबद्दल बोलायचं सोडून स्वतःबद्दल बोलू लागला. “डावाच्या दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात गेला. भांडायलाच गेला होता. चौकी का टाकलीस ते विचारणार होता. खाटेपर्यंत पोचलाच नाही. बोळात भिंतीवर एक चित्र लावलंय. बाईचं तोंड, एका बाजूला वाकडं झालेलं. खाली लिहिलंय, तोंड वाकडं झालंय का बघा. दोन्ही हात वर करायला सांगा. नाव विचारा. एक मिनिट घालवू नका. मी तिथं उभा राहिलो. ते तोंड मी आदल्या दिवशी पाहिलं होतं. ओविदिओनं तोंड उजवीकडे वाकडं केलं. मी म्हटलं, सत्ती आहे. परत केलं. म्हटलं, कळलं रे बाबा. तिसऱ्यांदा केलं. मग त्यानं डोळे मिटले. सत्ती आहे म्हणतो आणि काही नाही म्हणतो, मला वाटलं, हा माझी चेष्टा करतोय. सत्ती नव्हती, पोरा. त्याच्या हातात सत्ती नव्हती. मी त्याच्या तोंडाकडे एवढ्या जवळून बघत होतो आणि मला पान दिसलं.”

लेआंद्रो उठून उभा राहिला.

“पस्तीस मिनिटांनी तुम्ही लोकांनी अँब्युलन्स बोलावलीत,” अन्सेल्मो म्हणाला. “ती पस्तीस मिनिटं माझी. काय तोंड घेऊन आत येणार होतो?”

मी बोलायचं नव्हतं, साक्षीला बसले होते. पण बोलले. “मीही पाहिलं,” मी म्हणाले. “काउंटरवरून. मी हसले होते, की बघा ओविदिओ म्हातारा झाला, एवढ्या उघड खूण करतोय की मलाही दिसते. समोरच्या जोडीनेही पाहिलं, आणि इतकं उघड म्हणून त्यांना ती थाप वाटली. आम्ही बत्तीस जण होतो खोलीत.” साडेचार महिने मी या माणसाला शिव्या घातल्या होत्या, आणि त्या बत्तीस जणांत मी एक होते. मला त्याचा राग यायचा थांबला नाही. माझाही आला, एवढंच.

लेआंद्रो टेबलावर ओणवा झाला. मग तो म्हणाला, “वर बघ.”

काका म्हणाला नाही. पण सेन्योरही म्हणाला नाही. अन्सेल्मो टेबलाकडेच बघत होता.

“वर बघ म्हणतोय ना! माझ्या तोंडाकडे बघ.”

अन्सेल्मोने मान वर केली. लेआंद्रोचे कान आणि हनुवटी थेट ओविदिओची. अन्सेल्मोचे डोळे त्याच्या तोंडावर जाऊन तिथेच खिळले.

“साडेचार महिने,” लेआंद्रो दात आवळून म्हणाला. “साडेचार महिने आई स्वतःला विचारतेय की सकाळी त्याचं काही दुखत होतं का, तो काही बोलला होता का, मीच लक्ष दिलं नाही का. रोज विचारते. जेवताना विचारते. आणि तुला माहीत होतं. तू टायरवाल्याच्या शटरला टेकून उभा होतास आणि तुला माहीत होतं! माझ्याकडं माफी मागू नकोस, मी देणार नाही. उद्या जाऊन तिला सांग. हेच सगळं. तिच्या तोंडाकडे बघून.”

“सांगतो.”

“किती वाजले, एल्विराबाई?”

“सहाला दहा कमी.”

“मग बसा सगळे. सातपर्यंत ठरलंय.” तो खुर्चीत बसला, त्याने किटली उचलली, तुंबा भरला आणि टेबलावरून अन्सेल्मोच्या पुढे ढकलला. पाणी कोमट झालेलं, येर्बा धुऊन बेचव झालेली. असा तुंबा मी कोणाला दिला असता तर त्याने तो माझ्या अंगावर ओतला असता. अन्सेल्मोने नळी तोंडात धरली आणि तळाशी आवाज येईपर्यंत प्याला. मग लुद्मिलाने विचारलं, म्हातारीचं काय झालं? आणि सातपर्यंत त्याने म्हातारीला तिच्या शेवटच्या थांब्यावर पोचवलं. आवाज बसला होता, तरी पोचवलं.

रविवारी तो ओविदिओच्या घरी गेला. ओविदिओच्या बायकोने सगळं दारातच ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. हे मला तिनेच सांगितलं. अजून तिने ते त्याच्यासाठी उघडलेलं नाही. पण स्वतःला विचारायचं थांबवलंय, असं लेआंद्रो म्हणतो. तो आणि अन्सेल्मो एकमेकांशी कामापुरतंही बोलत नाहीत. शनिवारी खोली लेआंद्रोच्या मंडळीकडेच आहे, आणि त्रुकोवाले थंडीत कुडकुडत मला दोष देतात.

आता शेवटचं. सप्टेंबरमध्ये अन्सेल्मो पुन्हा कोकोसमोर खेळायला बसला. या वेळी तो टेबलाकडे बघेना. तो कोकोच्या तोंडाकडे बघू लागला, एकटक, इतका की कोकोला घाम फुटला. “अरे, डॉक्टरसारखा काय बघतोयस? नाहीये माझ्याकडे काही!” सगळे हसले. अटीतटीचा डाव आला. कोकोला तलवारीची सत्ती लागली होती, आणि बिचाऱ्याने नेहमीप्रमाणे हळूच तोंड उजवीकडे वाकडं केलं.

अन्सेल्मोने पत्ते खाली टाकले. उताणे करून, सगळ्यांना दिसतील असे.

“दोन्ही हात वर कर,” तो म्हणाला.

“काय?”

“कोको, दोन्ही हात वर कर! वर! आता तुझं नाव सांग. पूर्ण नाव सांग!”

कोको हातातले पत्ते तसेच धरून दोन्ही हात वर करून बसला, आणि सत्ती अख्ख्या खोलीला दिसली. “कोको माल्दोनादो,” तो म्हणाला. “होर्हे लुइस माल्दोनादो. मी बरा आहे रे, अन्सेल्मो. मी बरा आहे.”

समोरच्या जोडीतलं कोणीही हसलं नाही. त्यांनी आपले पत्ते गड्डीत मिसळले आणि डाव नव्याने वाटला. त्या दिवसापासून आमच्या क्लबात सत्तीची खूण कोणी तोंडाने करत नाही. कानाची पाळी ओढतात. बाहेरचे खेळायला आले की त्यांना ते नियमात बसत नाही असं वाटतं आणि ते वाद घालतात. तेव्हा त्यांना मी सांगते, इथे असंच आहे.